झील धरणाऱ्यांची ताकद



गाण्यानं समाज बदलतो म्हटलं की डफ घेतलेला शाहीर डोळ्यांपुढे उभा राहतो. मला आज बोलायचं आहे ते त्याच्या मागे झील धरणाऱ्यांविषयी, आणि समोर बसून पालुपद उचलणाऱ्या गावाविषयी.

आपल्या जालना जिल्ह्यात भीमजयंतीच्या दिवसांत गायन पार्टी बसते. गायक ध्रुवपद एकदा म्हणतो, ढोलकी समेवर येते, आणि दुसऱ्या खेपेला पोरंसोरं, म्हाताऱ्या, दिवसभर रानात राबलेली माणसं ते उचलून धरतात. त्यांतली कितीतरी गाणी वामनदादा कर्डकांची. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत १९२२ साली जन्मलेल्या दादांनी मोठेपणी, मुंबईत अक्षरं गिरवली. २००४ मध्ये ते गेले, तोवर त्यांची गाणी गावोगाव तोंडपाठ झाली होती. शाळेची पायरी न चढलेल्या माणसांपर्यंत बाबासाहेबांचा विचार पोहोचवला तो या गाण्यांनी.

त्या विचाराची किंमतही मराठवाड्यानं मोजली. २७ जुलै १९७८ रोजी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा, म्हणजे नामांतराचा ठराव विधिमंडळात मंजूर झाला आणि दलित वस्त्या पेटवल्या गेल्या. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला. मधल्या साडेपंधरा वर्षांत मोर्चे निघाले, माणसं तुरुंगात गेली, आणि गाणं त्यांच्याबरोबर होतं. घर जळालेला माणूस चारचौघांत उभा राहून पालुपद म्हणतो, तेव्हा तो एकटा उरत नाही. माझ्या लेखी हे फार मोठं काम आहे.

बायकांचं गाणं मात्र व्यासपीठावर नव्हतंच, ते जात्यावर होतं. पहाटे दोघी समोरासमोर बसायच्या, खुंट्यावर दोघींचे हात. एकीनं ओळ घालायची, दुसरीनं ती पुरी करायची. सासरी वर मान न करणारी लेक तिथं सासुरवास बोलून दाखवायची, आणि तो ऐकणारी तिच्यासारखीच कुणीतरी असायची. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या अभ्यासकांनी महाराष्ट्रातल्या हजारांवर गावांतून अशा लाखावर ओव्या जमवल्या. मराठवाड्यातल्या ओव्यांत बाबासाहेब भाऊ होऊन येतात. विजेची गिरणी आली, जातं कोपऱ्यात गेलं. हात मोकळे झाले हे चांगलंच झालं. पण दोघींनी मिळून बोलण्याची ती जागाही गेली.

आता गावात प्रचाराची गाडी येते. हुंडा, बालविवाह, स्वच्छता, सगळ्यावर तयार गाणी कर्ण्यावर वाजतात. लोक ऐकतात आणि कामाला लागतात. त्या गाण्यात त्यांना शिरायला जागाच नसते. अंबड, घनसावंगी, मंठा भागातून ऊसतोडीला जाणाऱ्या घरांत मुलीचं लग्न लवकर उरकतात. तो प्रश्न गाडी फिरवून सुटायचा नाही. त्याच गावच्या भजनी मंडळाला, गायन पार्टीला, बचत गटातल्या बायकांना पद रचायला सांगा. चाल त्यांची, शब्द त्यांचे. मानधन वेळेवर द्या. आणि पद पहिल्यांदा म्हटलं जाईल ते गावाच्या पारावर, मुलीच्या बापाला समोर बसवून.