शिक्षा आणि शिक्षण

‘शिक्षा’ आणि ‘शिक्षण’ हे दोन्ही शब्द एकाच धातूपासून निघाले आहेत. परंतु व्यवहारांत ते एकमेकांपासून इतके दुरावले आहेत, कीं ज्याला शिक्षा झाली त्याचें शिक्षण संपलें, असेंच लोक धरून चालतात.

ही समजूत किती घातक आहे, याचा अनुभव मराठवाड्याला आहे. १९३८ सालीं औरंगाबादचें इंटरमीजिएट कॉलेज व हैदराबादचें उस्मानिया विद्यापीठ येथील विद्यार्थ्यांनीं वसतिगृहांत ‘वंदे मातरम्’ म्हणण्याचा आग्रह धरला. त्यापायीं अनेकांना बाहेर काढण्यांत आलें. आजचा धाराशिव जिल्हा तेव्हां निजामाच्या संस्थानांत होता आणि त्या संस्थानांत दुसरें विद्यापीठ नव्हतें. तें दार लागलें, म्हणजे पदवीची वाटच खुंटली. नागपूर विद्यापीठानें त्यांपैकीं पुष्कळांना प्रवेश दिला, म्हणून त्यांचें शिक्षण तरलें. परंतु तें नागपूरचें औदार्य होतें. विद्यार्थ्यांचा हक्क नव्हे.

गीतासाठीं शिक्षा सोसणारा तरुण आणि चोरीच्या आरोपांत सांपडलेला मुलगा एका मापानें मोजतां येणार नाहींत, हें खरें. तथापि शाळेचें दार बंद झाल्याचा परिणाम दोघांवर सारखाच होतो.

आज कायदा पुढें गेला आहे. २०१५ च्या बाल न्याय कायद्याप्रमाणें अठरा वर्षांखालील मुलाला पोलीस कोठडींत वा तुरुंगांत ठेवतां येत नाहीं. प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांच्या आंत त्याला बाल न्याय मंडळापुढें नेलें पाहिजे. त्याला ज्या गृहांत ठेवावयाचें, तेथें शिक्षणाची सोय हवी. गंभीर गुन्ह्यांत प्रौढांप्रमाणें खटला चालविलेल्या सोळा वर्षांवरील मुलांचा अपवाद सोडला, तर दोषसिद्धीमुळें येणारी अपात्रता त्याच्या माथीं बसत नाहीं. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानेंही प्राथमिक शिक्षण पुरें होईपर्यंत कोणत्याहि मुलाला शाळेंतून काढण्यास मनाई केली आहे.

मात्र या दोन कायद्यांमध्यें एक फट राहिली आहे. बाल न्यायाचें संरक्षण अठराव्या वर्षापर्यंत आहे. मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क चौदाव्या वर्षापर्यंतच. नववी-दहावींतला मुलगा नेमका त्या फटींत सांपडतो. मंडळ त्याला शाळेंत जाण्याचा आदेश देऊं शकतें. परंतु तो आदेश मुलाला असतो. गैरहजेरीचे दिवस, हुकलेली परीक्षा, इतर पालकांची कुजबुज, यांच्यापुढें वर्गाचें दार उघडें ठेवणें मुख्याध्यापकाच्या हातीं राहतें.

याच जिल्ह्यांतील हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेंत स्वामी रामानंद तीर्थ मुख्याध्यापक होते. पुढें हैदराबादच्या मुक्तिलढ्यांत त्यांनीं कारावास भोगला आणि जिल्हा त्यांचें नांव आदरानें घेतो. कारावास हा मनुष्याचा शेवट नव्हे, हें ज्या भूमीला ठाऊक आहे, तिनें मंडळापुढून परतलेल्या मुलाला त्याची वर्गांतील जागा परत द्यावी. नागपूरनें १९३८ सालीं औदार्यानें जें केलें, तें आज प्रत्येक शाळेनें कर्तव्य म्हणून करावयाचें आहे.