सोबतीण हळू चालते तेव्हा

आज आम्ही तुम्हाला एका खेळाची ओळख करून देणार आहोत. नाव जरा परकं आहे, रोगेनिंग. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात १९७६ साली ते रूढ झालं. रॉड, गेल आणि नील या तिघांच्या नावांची सुरुवातीची अक्षरं जोडून ते केलं. यातली गेल ही बाई, हे सांगायला आम्हाला आवडतं.

खेळ असा. दोन ते पाच जणांचा संघ, हातात नकाशा आणि होकायंत्र. वाट दाखवणारा मोबाइल चालत नाही. डोंगर-रानात खुणेच्या जागा ठरवलेल्या असतात आणि प्रत्येक जागेचे गुण वेगळे. मोठ्या स्पर्धेला चोवीस तास मिळतात. कोणत्या जागा घ्यायच्या, कोणत्या सोडायच्या, हे संघानेच ठरवायचं. परतायला उशीर झाला की मिनिटामिनिटाला गुण कापतात.

आणि एक नियम आहे, तो ऐकून आम्ही कान टवकारले. संघाने एकमेकांना हाक ऐकू जाईल इतक्या अंतरातच राहायचं. एकीने पुढे पळून खूण गाठली तर ते धरत नाहीत. एकीला थांबावं लागलं, तर उरलेल्यांना तसंच पुढे जाता येत नाही.

आता समजा दोघींची जोडी आहे. एक तासाला पाच किलोमीटर चालते, दुसरी तीन. बेत कितीचा करायचा? पुष्कळ जणी म्हणतील, मधला धरू, चार. इथंच हिशेब चुकतो. दहा तासांत जोडी चाळीस नाही, तीसच किलोमीटर जाणार. नकाशा सुरू होण्याच्या आधी काही तास हातात येतो, तेव्हाच तिसाचा बेत आखायचा. नकाशावर उंचीच्या रेषा दाटीने आल्या की तिथे चढ उभा असतो. अशा टोकावरच्या जागेला गुण जास्त असले तरी ती सोडून सपाटीवरच्या दोन छोट्या जागा घेतल्या तर फायद्याचं पडतं.

आणखी एक गोष्ट, ती तर आपल्या रोजच्या बघण्यातली. भरभर चालणारी पुढे जाऊन दगडावर बसते, पाणी पिते. मागची धापा टाकत येऊन टेकते न टेकते, तोच ही उठते, "चल!" म्हणते. म्हणजे जिला विसाव्याची गरज, तिलाच तो मिळत नाही. आणि वर तीच संथ म्हणायची! रानात रात्री याचा दुसरा तोटाही आहे. घामाने भिजलेली पुढची बसल्याबसल्या गारठते. म्हणून हळू चालणारीला पुढे ठेवायचं आणि चाल तिने धरायची. पाणी, जादा कपडे यांचं ओझं दमदार पाठीवर द्यायचं. पावलं मोजून अंतर काढणं, नकाशावर बोट ठेवून खुणा जुळवत जाणं, ही कामं संथ चालीत जास्त नीट होतात. झपाट्याने चुकीच्या खोऱ्यात उतरलेली जोडी तासभर गमावते, तेवढा वेळ हळू चालण्यात जात नाही.

आमच्या गटात गुडघे दुखतात म्हणून यात्रेला नाही म्हणणाऱ्या कितीतरी आहेत. "माझ्यामुळे तुमचा खोळंबा नको" म्हणतात, आणि आपणही फार आग्रह करत नाही. या वेळी निघण्याआधी त्यांनाच विचारा, की बाई, तुझ्या चालीने किती वाजता पोचू? त्यावरून एसटीची वेळ ठरवा.

आणि हो, या स्पर्धेत मधोमध एक छावणी असते. तिथे गरम जेवण शिजत असतं. थकलेल्या जोडीने अंधार पडताना यावं, जेवावं, झोपावं, उजाडल्यावर पुन्हा निघावं. रात्रभर झोपलं म्हणून कुणाचं नाव यादीतून काढत नाहीत.