स्वस्त रायफल आणि तिची सुधारणा

कर्जत तालुक्यांत पोशीरच्या आसपास भाताला दाणा भरूं लागला कीं रानडुकरांचें भय सुरू होतें. एका रात्रींत खाचर लोळवलें जातें. मग ज्याच्या घरीं परवान्याची रायफल आहे त्याला वाटतें, ही स्वस्तांतली वस्तु सुधारून घ्यावी काय?

ही रायफल बहुधा इशापूरच्या सरकारी कारखान्यांतली, ·३१५ बोअरची. घडण लष्करी ली-एनफील्डची. परंतु ·३०३ चें लष्करी काडतूस प्रजेला वर्ज्य, म्हणून माप निराळें. चाप जड, दस्ता लांकडी. कोंकणच्या पावसांत लांकूड फुगतें, नळीला टेकतें आणि नेम ढळतो. हा दोष परवानाधारक कारागिराकडून अवश्य काढून घ्यावा; खर्च थोडा, गुण मोठा.

दुर्बिणीचा व नव्या नळीचा मोह मात्र व्यर्थ होय. नेमबाजीच्या शौकिनांना हें रुचणार नाहीं! पण या घडणींत बोल्ट मागल्या बाजूस अडकतो व बारासरशी किंचित् लवतो. तेथें नवी नळी काय करील? नळी आंखूड करणें तर १९५९ च्या शस्त्र कायद्यान्वयें परवान्यावांचून गुन्हाच.

शिवाय १९७२ च्या वन्यजीव कायद्याप्रमाणें वनाधिकाऱ्याचा लेखी हुकूम मिळाला, तरी बार टाकावयाचा तो पन्नास पावलांवर, अंधारांत. चुकलेली गोळी मैलभर जाते, आणि बांधापलीकडे ठाकूरवाडी निजलेली असते. दुर्बिणीच्या पैशांत चांगलें मचाण होतें. उंचावरून खालीं झाडलेली गोळी चुकली तरी चिखलांतच रुतते.