ओझोनचे कवच आणि गावातील शीतयंत्र

वातावरणातील ओझोन वायूचे प्रमाण अत्यल्प आहे. हा सर्व ओझोन समुद्रसपाटीच्या हवेच्या दाबाखाली एकत्र आणला, तर त्याचा थर जेमतेम ३ मिलिमीटर जाडीचा भरेल. जमिनीपासून १५ ते ३५ किलोमीटर उंचीवर विरळ पसरलेल्या या वायूचे कार्य मात्र फार मोठे आहे. सूर्याच्या अतिनील किरणांतील घातक भाग तो शोषून घेतो. हे कवच विरळ झाले की त्वचेचा कर्करोग व मोतीबिंदू यांचा धोका वाढतो, पिकांना आणि समुद्रातील सूक्ष्म वनस्पतींना इजा पोहोचते.

या कवचास धोका निर्माण झाला तो माणसाच्या एका उपयुक्त शोधातून. पूर्वीच्या शीतयंत्रांत अमोनिया, सल्फर डायऑक्साइड असे विषारी वायू वापरले जात. त्यांच्याऐवजी १९२८ च्या सुमारास अमेरिकेत क्लोरोफ्लुरोकार्बन हा वायूंचा नवा वर्ग पुढे आला. हे वायू पेट घेत नाहीत, विषारी नाहीत आणि कशाशीही सहसा संयोग पावत नाहीत. शीतयंत्रे, फवारे, फोम या सर्वांत त्यांचा वापर झपाट्याने वाढला.

परंतु जो गुण म्हणून वाखाणला गेला, तोच पुढे दोष ठरला. कशाशीही संयोग न पावणारा वायू खालच्या हवेत नाश पावत नाही. अनेक दशके टिकून तो हळूहळू वर चढतो. तेथे तीव्र अतिनील किरणांनी त्याचा रेणू फुटतो व क्लोरीनचा अणू मोकळा होतो. हा अणू ओझोनमधील प्राणवायूचा एक अणू हिरावून घेतो, तो दुसऱ्या अणूच्या स्वाधीन करतो आणि स्वतः पुन्हा मोकळा होतो. अशा रीतीने क्लोरीनचा एक अणू सुमारे एक लाख ओझोन रेणूंचा नाश करू शकतो. मारिओ मोलिना व शेरवुड रोलंड यांनी हा धोका १९७४ मध्ये दाखवून दिला. पुढच्याच वर्षी, १९७५ मध्ये, भारतीय वंशाचे शास्त्रज्ञ वीरभद्रन रामनाथन यांनी दुसरी बाब निदर्शनास आणली. हेच वायू पृथ्वीची उष्णताही अडवून धरतात, आणि त्यांचा एकेक रेणू या बाबतीत कार्बन डायऑक्साइडच्या रेणूपेक्षा हजारो पटींनी प्रभावी असतो.

शास्त्रीय इशाऱ्यास प्रत्यक्ष पुरावा मिळाला तो नियमित नोंदींतून. अंटार्क्टिकावरील हॅली येथील ब्रिटिश केंद्रात १९५७ पासून ओझोनचे मापन चालू होते. तेथील ऑक्टोबर महिन्याची सरासरी सुमारे ३०० एककांवरून २०० च्या खाली घसरल्याचे १९८५ मध्ये प्रसिद्ध झाले. भारतातही हवामान खात्याच्या शास्त्रज्ञ अॅना मणी यांच्या पुढाकाराने १९६० च्या दशकात फुग्याबरोबर वर पाठवावयाचे ओझोनमापक उपकरण देशातच तयार झाले होते. वर्षानुवर्षे निष्ठेने ठेवलेली नोंदवही किती मोलाची असते, हे यावरून ध्यानी यावे.

१६ सप्टेंबर १९८७ रोजी माँट्रियल येथे जागतिक करार झाला. वायू प्रामुख्याने श्रीमंत राष्ट्रांनी सोडले असल्याने नव्या तंत्रज्ञानाचा खर्च गरीब राष्ट्रांच्या माथी येऊ नये, असा आग्रह भारताने धरला. त्यातून १९९० मध्ये साहाय्य निधीचा निर्णय झाला व १९९२ मध्ये भारत करारात सामील झाला. दम्याच्या फवाऱ्यांसाठीचा अपवाद सोडता २००८ मध्ये भारतातील क्लोरोफ्लुरोकार्बनचे उत्पादन बंद करण्यात आले. २०२२ च्या आंतरराष्ट्रीय शास्त्रीय आढाव्यानुसार, सध्याची धोरणे टिकल्यास अंटार्क्टिकावरील ओझोन सुमारे २०६६ पर्यंत १९८० च्या पातळीवर येईल. केलेला उपाय फळास आला. मात्र फळ हाती येण्यास दोन पिढ्या लागतात.

कार्य अजून अपुरे आहे. बंद झालेल्या वायूंच्या जागी आलेले हायड्रोफ्लुरोकार्बन ओझोनला धक्का लावत नाहीत, परंतु तापमानवाढीस हातभार लावतात. शीतयंत्रांत व मोटारींत सर्रास वापरला गेलेला १३४-ए हा वायू शंभर वर्षांच्या हिशेबात तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४०० पट उष्णता अडवितो. म्हणून २०१६ मध्ये किगाली येथे करारात दुरुस्ती करण्यात आली. भारताने २०२१ मध्ये तिला मान्यता दिली असून २०४७ पर्यंत या वायूंचा वापर ८५ टक्क्यांनी कमी करावयाचा आहे.

येथेच गावाचा संबंध येतो. प्राथमिक आरोग्य केंद्रातील लसींचे शीतयंत्र, दूध शीतकरण केंद्र, कार्यालयातील वातानुकूलन यंत्र यांची दुरुस्ती स्थानिक कारागीर करतो. नळी सैल करून जुना वायू हवेत सोडणे आणि गळती तशीच ठेवून दरवर्षी नवा ‘गॅस भरणे’ ही पद्धत आजही आढळते. यात पैसा व वातावरण दोहोंची हानी होते. दुरुस्तीचे काम देताना आधी गळती काढावी, जुना वायू टाकीत जमा करावा आणि प्रशिक्षित कारागीरच नेमावा, अशी अट कार्यालयांना व पंचायतींना घालता येईल. नवी खरेदी करताना यंत्रात कोणता वायू आहे, याची विचारणा व्हावी. १६ सप्टेंबर हा ओझोन दिन शाळांतून पाळला जातो. त्या दिवशी शिक्षकांनी विद्यार्थ्यांना शाळेच्या आणि घरच्या यंत्रांवरील पट्टी वाचावयास शिकवावे. माँट्रियलच्या कराराचे सार्थक अखेर अशाच लहान कामांतून व्हावयाचे आहे.