खाडीकाठी बसायला जागा

माझा जन्म देवगड तालुक्यातला, घर खाडीपासून हाकेच्या अंतरावर. पण पाण्याकाठच्या बागेत निवांत बसण्याचे सुख मला पहिल्यांदा मिळाले ते पुण्यास, कॉलेजात गेल्यावर. ज्याच्या दारात खाडी, त्याने नदी पाहायला पुणे गाठावे, हे काय? तेच आज सांगायचे आहे.

पुण्यात मुळा-मुठेच्या काठी बंड गार्डन आहे. महात्मा गांधी उद्यान हे त्याचे आताचे नाव. नदीला बांध घातला तो शहराला पाणी मिळावे म्हणून. सर जमशेटजी जिजीभाई यांनी त्यासाठी मोठी देणगी दिली आणि 1850 साली काम पुरे झाले. बाग मागाहून आली. मी गेलो तो रविवार होता. हिरवळीवर एक हमाल बायकापोरांसह भाकरी सोडून बसला होता, पलीकडे एक पेन्शनर गृहस्थ वर्तमानपत्र वाचीत होते, मध्ये आम्ही विद्यार्थी. दोन तास बसलो, पण 'तू कोणाचा?' असे कोणी विचारले नाही. पाणी काही चांगले नव्हते बरं का, वासही येत होता. तरी उठावेसे वाटेना.

आता आमच्याकडची गोष्ट. चौथीत असताना गुरुजी आम्हाला ओहोटीच्या वेळी खाडीवर नेत. चिखलावर उड्या मारणाऱ्या निवट्या, एकच नांगी भली मोठी असलेल्या इवल्या कुर्ल्या, चिखलातून बोटांसारखी वर आलेली तिवराची मुळे. ही मुळे हवा घेतात, हे मी तिथेच शिकलो. जायची वाट एका आंब्याच्या बागेच्या कडेने होती. पुढे बाग विकली गेली, चिऱ्यांचा गडगा उभा राहिला. परवा मुलीला घेऊन गेलो, तर आतून आवाज आला, "कोणाचो रे तू? हयसून वाट नाय." चाळिशी उलटलेल्या प्राध्यापकाला मुलीसमोर! मालकालाही सर्वस्वी दोष देववत नाही. हापूसच्या दिवसांत झाड राखावेच लागते. पण असे गडगे वाढत गेले तर पोरांनी जावे कुठे? जेटीवर जाळी, बर्फ आणि मासळीची घाई. तिथे पोरे पायात येतात.

कारंजी आणि सिमेंटचे हत्ती मला नकोत. पाण्यापर्यंत एक पायवाट आणि उंडीच्या सावलीत बसायला चार चिरे, एवढे पुरे. तिवर तोडून हिरवळ तर मुळीच लावू नये. 2018 साली मुंबई उच्च न्यायालयाने कांदळवनाच्या तोडीविरुद्ध कडक निर्णय दिला आहे. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या बायका 2017 पासून पाहुण्यांना होडीतून कांदळवन दाखवतात. झाडे उभी आहेत म्हणूनच त्यांना चार पैसे मिळतात. तुमच्या गावात खाडीची वाट अजून मोकळी असेल, तर येत्या ग्रामसभेत तिचा विषय काढा. गडगा उभा राहिल्यावर बोलून काय उपयोग?

शिक्षक बंधुभगिनींनो, तोवर मुलांना घेऊन जा. वेळ काढायला जुना हिशेब आहे : तिथीची पाऊणपट केली की भरतीचा तास मिळतो. चतुर्थीला तीनच्या सुमारास भरती, म्हणजे ओहोटी सकाळी सव्वानऊच्या आसपास. शनिवारच्या सकाळच्या शाळेला ही तिथी सोयीची. पौर्णिमा-अमावास्येला पाणी खूप लांब जाते, पण ओहोटी संध्याकाळी पाचनंतरची; परतताना अंधार होतो. भरती फिरली की चटकन वर यावे. आणि अनवाणी कोणालाही उतरू देऊ नका. जुने बूट असू द्या पायात. कालवांच्या शिंपा पाय कापतात, आणि चपला चिखलात राहतात त्या राहतातच.