रोझेलची मावशी

परदेशात स्नेह्यांच्या घरी उन्हाळ्याचे चार महिने काढणे ही गोष्ट आज मध्यमवर्गीय कुटुंबांनाही नवी राहिलेली नाही. विमान एका दिवसात नेऊन पोहोचविते, स्नेह्यांचे चेहरे परिचयाचे असतात, आणि पाहुण्यास काय चालते व काय चालत नाही याची बोलणी निघण्यापूर्वीच होऊन गेलेली असतात. ४ जून १८८३ रोजी न्यूयॉर्क बंदरात उतरलेल्या आनंदीबाई जोशी यांची अवस्था अगदी निराळी होती. ज्या बाईंच्या घरी त्यांना राहावयाचे होते, त्या बाईंना त्यांनी पूर्वी कधीही पाहिले नव्हते. ओळख होती ती निव्वळ पत्रांची. आणि तेवढ्या ओळखीच्या भरवशावर ही अठरा वर्षांची मुलगी ७ एप्रिलला कलकत्त्याहून आगबोटीत बसली होती. यजमान गोपाळराव हिंदुस्थानातच राहिले होते. लंडनमार्गे झालेल्या या प्रवासास जवळजवळ दोन महिने लागले.

ही ओळख जुळली तो प्रकार एखाद्या कादंबरीकाराने लिहिला असता तर वाचकांनी त्यावर विश्वास ठेवला नसता. गोपाळराव पोस्टखात्यात नोकरीस होते. पत्नीस अमेरिकेत शिकविण्याची काही सोय होईल काय, अशी विचारणा करणारे पत्र त्यांनी १८७८ साली वाइल्डर नावाच्या अमेरिकन मिशनऱ्यास लिहिले. वाइल्डरसाहेबांनी ते पत्र आपल्या 'मिशनरी रिव्ह्यू' या मासिकात छापले खरे, पण सोबत उपदेश जोडला तो ख्रिस्ती होण्याचा. पुढे १८८० साली न्यू जर्सी प्रांतातील रोझेल गावच्या थिओडिसिया कार्पेंटर या गृहिणी दातांच्या डॉक्टरकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत बसल्या असता तेथे पडलेला तो अंक त्यांनी सहज चाळला. संपादकांच्या उपदेशापेक्षा एका हिंदू मुलीच्या शिक्षणाची तळमळ त्यांच्या मनास अधिक भिडली, आणि त्यांनी अनोळखी दांपत्यास पत्र टाकले.

त्यानंतर तीन वर्षे समुद्रावरून पत्रांची ये-जा चालली. आनंदीबाईंची प्रकृती कलकत्त्यास वरचेवर बिघडू लागली तेव्हा कार्पेंटरबाईंनी अमेरिकेतून औषधे धाडली. त्या औषधांनी गुण आला नाही. परंतु न पाहिलेल्या मुलीसाठी औषधे बांधून पाठविणाऱ्या बाईस काय म्हणावे हे आनंदीबाईंना ठरवावे लागले नाही. त्या त्यांना मावशी म्हणू लागल्या. 'माय मरो, मावशी जगो' असे जेथे म्हणतात, त्या महाराष्ट्रात हे संबोधन कोणी उगाच वापरीत नाही. मावशी म्हटले की हट्ट करण्याचा हक्क येतो, आणि रागावून घेण्याचीही तयारी ठेवावी लागते. बंदरावर स्वागतास कार्पेंटरबाई स्वतः आल्या होत्या.

न्यूयॉर्क शहर त्या दिवसांत मोठ्या उत्साहात होते. ब्रुकलिनचा प्रचंड झुलता पूल २४ मे रोजी, म्हणजे अवघ्या अकरा दिवसांपूर्वी, रहदारीस खुला झाला होता. स्वातंत्र्यदेवीचा जगप्रसिद्ध पुतळा मात्र अद्याप बंदरात उभा राहावयाचा होता. तो तीन वर्षांनी उभा राहिला. रोझेल हे गाव हडसन नदीच्या पलीकडे न्यू जर्सीत. गाव लहान, पण त्या वर्षी त्याचे नाव वर्तमानपत्रांत गाजले होते. एडिसनने १९ जानेवारी १८८३ पासून खांबांवरून तारा नेऊन तेथे विजेचे दिवे लावले होते, आणि अशा रीतीने उजळलेले ते जगातील पहिलेच गाव होते. समई आणि रॉकेलचा कंदील यांच्या उजेडात वाढलेली कल्याणची मुलगी थेट तेथे येऊन पोहोचली, हा योगायोग मोठा मौजेचा आहे. न्यू जर्सीत जून महिन्यात सूर्य साडेआठच्या सुमारास मावळतो आणि त्यानंतरही संधिप्रकाश बराच वेळ रेंगाळतो. संध्याकाळी गवतावर काजवे दिसू लागतात, आपल्या कोकणात मृगाच्या तोंडाशी दिसतात तसेच.

परंतु पूल आणि दिवे पाहण्याची हौस चार दिवसांत फिटते. पाहुण्याची खरी परीक्षा होते ती जेवणाच्या टेबलावर. निघण्यापूर्वी २४ फेब्रुवारी १८८३ रोजी सेरामपूर कॉलेजात केलेल्या भाषणात, आपण हिंदू म्हणून जाणार आणि हिंदू म्हणूनच परत येणार, असे आनंदीबाईंनी भरसभेत सांगितले होते. सभेत असे बोलून टाळ्या मिळविता येतात. ते शब्द पाळावयाचे ते मात्र परक्या स्वयंपाकघरात. त्या काळच्या अमेरिकन घरात मांस हे रोजचे अन्न, ते वर्ज्य केले म्हणजे प्रश्न सुटला असेही नाही. तेथील फळे भरलेल्या पायच्या पिठातदेखील डुकराची चरबी घालण्याची सर्रास चाल होती. वरून पाहावे तर निव्वळ सफरचंद, आणि आत पारी मळलेली चरबीत! उन्हाळा होता म्हणून बरे: वाटाणे, नवे बटाटे, स्ट्रॉबेरी, दूध, लोणी ही सगळी जूनची समृद्धी. तरी पण कोणत्या पदार्थात काय पडले आहे याचे अवधान ठेवावयाचे कोणी? पाहुणी फार तर विचारू शकते. चूल ज्या बाईच्या हाती, तिनेच ते जपावे लागते.

येथे एक गोष्ट सहसा कोणी बोलत नाही. आनंदीबाईंनी आपले व्रत सांभाळले याचे कौतुक सर्वांनी केले, आणि ते योग्यच होय. गोपाळरावांच्या हट्टाच्या कथाही पुष्कळ लिहिल्या गेल्या. परंतु पाहुण्याच्या व्रताचे निम्मे ओझे यजमानिणीच्या खांद्यावर असते. आपल्याकडे सोवळ्याचा एखादा पाहुणा आठ दिवस घरी उतरला तर घरातील बाईची कोण तारांबळ उडते हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांस अधिक सांगणे नको. कार्पेंटरबाई स्वतः श्रद्धाळू ख्रिस्ती. ज्या मासिकातून ही ओळख झाली ते धर्मप्रसाराचे. आपल्या छपराखाली आलेल्या मुलीस हळूहळू वळवून घ्यावे असे त्यांना वाटले असते तर त्यांच्या समाजाने त्यांची वाहवाच केली असती. त्यांनी आश्रयास तशी अट घातली नाही. कपाळीचे कुंकू आणि अंगावरचे लुगडे तसेच राहिले.

लुगड्याच्या बाबतीत मात्र आनंदीबाईंनी स्वतःच एक तडजोड केली. काष्टा घातलेल्या नऊवारीत पोटऱ्या उघड्या राहतात, आणि ज्या समाजात बाईचा घोटा दिसणेदेखील असभ्य मानीत, तेथे तो वेष अडचणीचा होता. म्हणून त्यांनी गुजराती पद्धतीने, पायघोळ, नेसण्याचा मार्ग पत्करला. स्वदेशीचा वेष सुटला नाही आणि यजमानांस शेजाऱ्यांपुढे संकोचही पडला नाही. इतकी समज अठराव्या वर्षी असणे ही लहान गोष्ट नव्हे. १० ऑक्टोबर १८८५ रोजी जपान व सीरिया येथील दोन विद्यार्थिनींसह घेतलेल्या त्यांच्या प्रसिद्ध छायाचित्रातही त्या लुगड्यातच आहेत.

असे असले तरी आनंदीबाई रोझेलला विसाव्यासाठी आल्या नव्हत्या. वयाच्या चौदाव्या वर्षी झालेले त्यांचे मूल अवघ्या दहा दिवसांत वैद्यकीय मदतीवाचून गेले होते, आणि त्या दुःखातूनच हा प्रवास निघाला होता. २८ जून रोजी, म्हणजे अमेरिकेच्या भूमीवर पाऊल ठेवल्यास चोवीस दिवस झाले असता, त्यांनी फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय कॉलेजास प्रवेशाचा अर्ज लिहिला. परपुरुष डॉक्टरकडून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करणाऱ्या आपल्या देशभगिनींना खरी वैद्यकीय मदत देणे हा आपला हेतू, असे त्यांनी त्यात नमूद केले. आपले शिक्षण प्रवेशास पुरे पडेल की नाही याची शंका त्यांना होती. तेव्हा स्नेही आणि ज्ञाती यांचा एकवटलेला विरोध पत्करून ज्या निश्चयाने आपल्याला या देशात आणले, त्या निश्चयाचीही गणना व्हावी, असे त्यांनी सुचविले. प्रकृती चांगली आहे, असेही त्या अर्जात आहे. कलकत्त्याचा ताप आणि डोकेदुखी ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे वाक्य वाचताना क्षणभर थांबावेसे वाटते.

अर्ज मंजूर झाला, आणि वार्षिक मदतही मिळाली. शरद ऋतूत रोझेलचे घर सोडून त्या फिलाडेल्फियास गेल्या. तेथील थंडी आणि धुराने भरलेली खोली यांनी त्यांची प्रकृती खालावली. ११ मार्च १८८६ रोजी त्यांना एम. डी. ही पदवी मिळाली, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यास त्यांचे देहावसान झाले. वयाची बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती.

पुढे त्यांच्या अस्थी कार्पेंटरबाईंकडे पाठविण्यात आल्या. न्यूयॉर्क प्रांतातील पोकिप्सी येथे कार्पेंटर कुटुंबाची दफनभूमी आहे. मावशीने त्या अस्थी तेथे, आपल्या घरच्या माणसांमध्ये, ठेवल्या.