गणित कुणाच्या बापाचं?

(आजरा इथल्या युवक शिबिरात केलेलं भाषण)



आपल्या वस्तीत पोरगं गणितात नापास झालं की आई म्हणते, "आपल्यात कुणाला जमलंय?" मास्तर तर पहिल्या दिवशीच ठरवून मोकळा. पोरगंही मान खाली घालतं. तिघांचं एकमत! आज मला या एकमताचीच झाडाझडती घ्यायचीय. गणित आपल्या डोक्यात शिरत नाही, की आपल्याला फळ्यापर्यंत जाऊच दिलं नाही?

बाबासाहेब एल्फिन्स्टन हायस्कुलात होते. मास्तरांनी त्यांना फळ्यावर गणित सोडवायला बोलावलं. वर्गात एकच कालवा उठला. फळ्यामागं सवर्ण पोरांचे जेवणाचे डबे होते. आधी डबे हलले, मग बाबासाहेब फळ्यापाशी गेले. १९०७ साली ते मॅट्रिक झाले आणि १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा ग्रंथ लंडनमध्ये छापून आला. म्हणजे अडसर डोक्यात नव्हता, वाटेत होता.

हा अडसर जुनाच. गावचं दप्तर कुलकर्ण्याच्या मांडीवर. जमीन किती, सारा किती, बाकी किती, हे त्यानं सांगायचं, आपण अंगठा उठवायचा. शाहू महाराजांनी हे दुखणं नेमकं ओळखलं. १९१७ साली सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा हुकूम काढला. १९१८ साली कुलकर्णी वतन खालसा करून पगारी तलाठी नेमले, त्यात अस्पृश्य तरुणही घेतले. नुसती पाटी दिली नाही, दप्तरही दिलं.

आज अंगठा गेला, सही आली. पण हिशोब? दारात फायनान्सवाला येतो. १२ हजारांचं कर्ज, १२ हप्ते, महिना २ टक्के, फ्लॅट. म्हणजे दरमहा २४० रुपये, वर्षाला २,८८० रुपये व्याज. पण मुद्दल तर दरमहा हजारानं फिटतंय! दुसऱ्या महिन्यात ११ हजारच उरले, तिसऱ्यात १०, शेवटी १. मग १२ पासून १ पर्यंत बेरीज करा. पहिला नि शेवटचा मिळून १३, दुसरा नि अकरावा मिळून १३, अशा ६ जोड्या. झाले ७८. ७८ हजारांचे २ टक्के १,५६०. म्हणजे १,३२० रुपये जास्त गेले. दहावीच्या पुस्तकात याला अंकगणिती श्रेढी म्हणतात. पुस्तकात ती मेल्यागत पडलेली असते. आईच्या हप्त्याच्या कार्डावर मांडली की जिवंत होते.

पण सावध राहा. "यांना व्यवहारापुरतं गणित पुरे," असं म्हणणारे हे नवे कुलकर्णीच. आपल्याला विटा मोजायला शिकवतील, इमारतीचा नकाशा स्वतःकडं ठेवतील. आपल्याला बीजगणितही पाहिजे, प्रमेयही पाहिजे.

१९७२ साली पँथर हे नाव आपण अमेरिकेतल्या काळ्या लढ्याकडून घेतलं. त्याच लढ्यातला बॉब मोझेस गणिताचा मास्तर होता. १९६० नंतरच्या वर्षांत त्यानं मिसिसिपीत काळ्यांची मतदारनोंदणी केली, त्यासाठी मार खाल्ला, तुरुंग भोगला. १९८२ साली त्यानंच बीजगणित प्रकल्प सुरू केला. मताचा हक्क तसा बीजगणिताचाही हक्क, असं तो मानायचा. अधिक-उणे शिकवायला पोरांना बोस्टनच्या भुयारी रेल्वेत बसवायचा. स्टेशनं म्हणजे आकडे, जाण्याची दिशा म्हणजे चिन्ह.

आपल्याकडं भुयारी रेल्वे नाही, एसटी आहे. आजरा स्टँड शून्य धरा. गडहिंग्लजकडं अधिक, आंबोलीकडं उणे. स्टँडवरून गडहिंग्लजच्या बाजूला ५ किलोमीटर गेलात, तिथून उलटे ८ किलोमीटर आलात. कुठं आहात? आंबोलीच्या अंगाला ३. म्हणजे उणे ३. नियम पाठ करायची गरजच काय? पोरगं बोटानं रस्ता दाखवतं.

आणि याच तालुक्यातलं उचंगी धरण आठवा. १९९० च्या दशकात बुडितात जाणाऱ्या गावांनी नुसतं "नाही" म्हटलं नाही. श्रमिक मुक्ती दल आणि के. आर. दात्यांसारखे अभियंते सोबत होते. लोकांनी आपली जमीन, आपलं पाणी मोजलं आणि बुडीत कमी करणारा पर्यायी आराखडा सरकारपुढं ठेवला. मोर्च्याला लाठी दाखवता येते. आकड्याला आकडाच दाखवावा लागतो.

तेव्हा कामाला लागा. दर रविवारी समाजमंदिरात फळा टांगा. पोरांना आधी उत्तर सांगू नका. चुकलेल्याला हसू नका, "तू असं का केलंस?" एवढंच विचारा. त्याच्या चुकीतही विचार असतो, तो बाहेर येऊ द्या. आणि पहिला खडू पोरीच्या हातात द्या. ती फळ्यावर मांडेल, तुम्ही खाली बसून ऐका.

गणित कुणाच्या बापाचं नाही. ज्याला हिशोब मागायचाय, त्याचं आहे.

जय भीम!